पेठेची रात्र आणि वस्तीची रात्र

कोणत्याही जुन्या गावाला दोन रात्री असतात. एक पेठेची आणि दुसरी वस्तीची. पेठेची रात्र दिव्यांची, गिऱ्हाइकांची, तळणाच्या वासाची आणि मोठ्याने बोलण्याची. वस्तीची रात्र जेवणानंतरच्या शतपावलीची, दाराला कडी लावण्याची, मुलांच्या अभ्यासाची आणि म्हाताऱ्यांच्या खोकल्याची. गाव नीट चालायचे तर दोन्ही हव्यात. गणपत गल्ली आणि खडेबाजार संध्याकाळी ओस पडले तर बेळगावचे काही खरे नाही, हे कोणीही सांगेल. पण पेठेची रात्र उठून वस्तीत राहायला आली, तर वस्तीची रात्र कुठे जाणार? हा प्रश्न विचारायला मात्र फारसे कोणी तयार नाही. जो विचारतो त्याला ‘जुन्या वळणाचा’ म्हणून बाजूला बसवले जाते. या लेखात तो प्रश्न मी विचारणार आहे, आणि उत्तर देताना आपल्या माणसांची भीड ठेवणार नाही.

उदाहरण घरचेच घेऊ. टिळकवाडी आणि तिला लागून असलेली हिंदवाडी ही बेळगावची शांत राहती वस्ती म्हणून ओळखली गेली. रेल्वेची तीन फाटके, व्हॅक्सिन डेपोतील मोठाली झाडे, बंगल्यांच्या आवारातील आंबे आणि फणस. रस्त्यांची नावे पाहावीत तर आगरकर रोड, रानडे रोड. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले. महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते या अधिवेशनात, आणि काँग्रेस रोडचे नाव त्याचीच खूण आहे. शाळा, महाविद्यालये, दवाखाने आणि सेवानिवृत्तांची घरे अशी ही वस्ती. गेल्या दहा-पंधरा वर्षांत काँग्रेस रोड, खानापूर रोड आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या रस्त्यांवर उपाहारगृहे वाढत गेली. आधी चहाची आणि आइस्क्रीमची दुकाने आली, मग ‘फॅमिली रेस्टॉरंट’, मग त्यातल्या काहींच्या पाटीवर ‘बार’ हा शब्द चढला, आणि आता गच्चीवर रंगीत दिवे आणि ध्वनिवर्धक.

त्यात २०२४ च्या पावसाळ्यात कर्नाटक सरकारने आदेश काढला. बंगळूर आणि राज्यातील इतर दहा महापालिकांच्या हद्दीत परवानाधारक हॉटेले आणि बार रात्री एक वाजेपर्यंत उघडे ठेवायला मुभा मिळाली. त्या दहांत बेळगाव आहे. आदेशात पेठ आणि वस्ती असा भेद नाही. महापालिकेची हद्द हीच एक रेघ. म्हणजे खडेबाजाराला जो न्याय तोच आगरकर रोडला. हा निर्णय कशासाठी झाला हे समजायला फार खोल जावे लागत नाही. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अबकारी उत्पन्नाचे उद्दिष्ट ४०,००० कोटी रुपये धरले होते. एवढे पैसे उभे करायचे तर पिणाऱ्याला पिण्यासाठी वेळ वाढवून द्यायला हवी. सरकारने ती आपल्या झोपेतून काढून दिली.

खाण्याशी भांडण नाही

मी बाहेर जेवण्याच्या विरुद्ध आहे असा सोयीस्कर समज कोणी करून घेऊ नये. मराठी माणसाला खानावळीने वाढवले आहे. नोकरीसाठी, शिक्षणासाठी घर सोडलेल्या किती पिढ्या महिन्याचे मेंबर होऊन खानावळीत जेवल्या! कर्नाटकाने तर उडुपी हॉटेलासारखी संस्था साऱ्या देशाला दिली. सकाळी सहाला पहिली इडली, रात्री साडेनऊ-दहाला शेवटचा डोसा, मग बाकडी उलटी टेबलावर आणि फरशी धुतलेली. या दोन्ही संस्था वस्तीतच वाढल्या आणि वस्तीने त्यांना कधी शिव्या दिल्या नाहीत. कारण त्यांचे घड्याळ आणि वस्तीचे घड्याळ एकच होते. वस्ती झोपली की खानावळही झोपत असे.

आजच्या आईबापांनी आठवड्यातून एकदा मुलांना घेऊन बाहेर जेवावे, यात वावगे काही नाही. दिवसभर नोकरी करून आलेल्या सुनेने रात्री पुन्हा पोळ्या लाटाव्यात असा आग्रह धरणाऱ्यांपैकी मी नाही. गोवावेसजवळ खाद्यपदार्थांचे गाळे एका जागी आणून खाऊ कट्टा उभारला, ती कल्पना मुळात चांगली. खाणारे एका ठिकाणी गोळा होतात, वाहने कुठे लावायची हे ठरवता येते, आणि बाकीच्या गल्ल्या मोकळ्या राहतात. तरुणांनी रात्री एकत्र बसावे, गप्पा माराव्यात, हेही रास्तच. माझे भांडण आहे ते दहानंतरच्या तीन तासांशी आणि ते कोणाच्या उशाशी घालवले जातात याच्याशी.

त्या तीन तासांत काय होते हे वस्तीतल्यांना वेगळे सांगायला नको. गच्चीवरचे गाणे बंद झाले तरी स्वयंपाकघराचा धूर बाहेर टाकणारा पंखा घरघरत राहतो. जनरेटर चालू असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोटारी लागतात, त्यातली एखादी बरोबर आपल्या फाटकासमोर. सायलेन्सर बदललेल्या मोटारसायकली निघतात. निरोपाचे हसणे, क्वचित भांडण. सव्वाएकला रिकाम्या बाटल्या पोत्यात ओतण्याचा आवाज, आणि सकाळी फिरायला निघालेल्या आजोबांना फाटकाच्या खांबापाशी कोणी काय करून गेले ते दिसते. यातली एकही गोष्ट पोलीस ठाण्यात जाऊन सांगण्याएवढी मोठी वाटत नाही. सगळ्या मिळून मात्र माणूस घर विकायचा विचार करू लागतो.

शिक्षकाला याचा परिणाम सकाळी दिसतो. पहिल्या तासाला डोळे मिटणारी मुले पूर्वीही होती. पण एसएसएलसीच्या परीक्षेच्या दिवसांत ‘सर, घरासमोर आवाज असतो, बारा-एकपर्यंत वाचताही येत नाही आणि झोपताही येत नाही’ असे एखादा मुलगा सांगतो, तेव्हा त्याला कोणता उपदेश करायचा? कानात बोळे घाल म्हणून?

कायदा आहे, पण झोपलेला

‘सरकारनेच परवानगी दिली, आता काय करणार?’ हे वाक्य मी शंभरदा ऐकले आहे. ते अर्धेच खरे आहे. एक वाजेपर्यंत दार उघडे ठेवायची परवानगी मिळाली म्हणून एक वाजेपर्यंत आवाज करायची परवानगी मिळालेली नाही. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम २००० सालचे आहेत. रात्र म्हणजे दहा ते सहा, अशी त्यांतली व्याख्या. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. हा दहाचा फरक किरकोळ वाटेल. पण डेसिबलच्या मोजणीत दहाने वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप शाखेने २००९ मध्ये झोपेच्या दृष्टीने घराबाहेरच्या रात्रीच्या आवाजासाठी ४० डेसिबल ही मर्यादा सुचवली. म्हणजे आपला कायदा काही अतिनाजूक नाही, तो थोडा सैलच आहे. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात, घरात शांतपणे राहण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मानले. आवाज करण्याचा हक्क दुसऱ्याच्या कानात शिरू शकत नाही, हा त्या निकालाचा आशय.

दारूच्या परवान्याविषयीही कर्नाटकाच्या १९६७ च्या नियमांत शिक्षणसंस्था, धर्मस्थळे आणि रुग्णालये यांच्यापासून १०० मीटरचे अंतर सांगितले आहे. पण अंतर मोजायचे ते पादचाऱ्याच्या जवळच्या वाटेने, या दारापासून त्या दारापर्यंत. तेव्हा बारचे दार मागच्या बोळाकडे काढले की जागा तीच राहून अंतर वाढते! परवाना मागणाऱ्याला हे गणित चांगले येते. शाळेची भिंत मात्र जिथल्या तिथे राहते.

म्हणजे कायदा आहे. त्याला उठवायचे कोणी, हा प्रश्न आहे. परवाना देते अबकारी खाते, व्यापाराचा दाखला देते महापालिका, आवाज पाहायचा पोलिसांनी, आग विझवण्याच्या व्यवस्थेचा दाखला अग्निशमन दलाचा. नागरिक एका दारात गेला की त्याला दुसरे दार दाखवतात. या टोलवाटोलवीची किंमत किती मोठी असू शकते, हे शेजारच्या गोव्यात दिसले. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री हडफडे गावातल्या एका नाइटक्लबला आग लागून २५ माणसे दगावली. त्यातले बहुतेक तिथले कामगार होते. बांधकामाविरुद्ध पंचायतीने पाडण्याची नोटीस काढलेली होती, वरून तिला स्थगिती मिळालेली होती, आणि धंदा चालू होता. गावकऱ्यांच्या तक्रारींना तोवर ‘विकासाला विरोध’ असेच नाव होते.

इंदूरने करून पाहिले

रात्रभर बाजार चालू ठेवला म्हणजे शहर पुढारलेले होते असे ज्यांना वाटते, त्यांनी इंदूरकडे पाहावे. तिथल्या मराठी वाचकांना ही कथा माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यापार चालतो आणि सराफांनी दुकाने लावली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलेबी. रात्री दोनपर्यंत गर्दी. ही पेठेची रात्र. पेठेत उगवलेली आणि पेठेला शोभणारी. तिथेही २०२५ मध्ये सराफ व्यापाऱ्यांनी गर्दी आणि गॅसच्या टाक्या यांची भीती दाखवून चौपाटी हलवण्याची मागणी केली, हे लक्षात घ्यावे. म्हणजे पेठेलासुद्धा रात्र जपून सांभाळावी लागते.

याच इंदुरात सप्टेंबर २०२२ मध्ये त्या वेळच्या जलद बससेवेच्या सुमारे साडेअकरा किलोमीटर मार्गावर दुकाने आणि उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवायची परवानगी दिली गेली. रोजगार वाढेल, संगणक कंपन्यांतल्या रात्रपाळीच्या मुलांची सोय होईल, असे सांगितले गेले. पुढे दारू पिऊन होणाऱ्या दंग्यांच्या आणि मारामाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. रहिवासी बोलले, लोकप्रतिनिधी बोलले, आणि जुलै २०२४ मध्ये परवानगी मागे घेतली गेली. इंदूरने मागे घेतले त्याच पावसाळ्यात आपल्याकडे रात्रीची वेळ वाढली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण आपण मुलांना शिकवतो. राज्यकर्त्यांनाही ती कोणी शिकवायला हवी.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. ‘दुकाने उघडी असली म्हणजे रस्ता जागा राहतो, मुलीबाळी निर्धास्त फिरतात.’ आठ-नऊ वाजता हे खरे आहे. औषधांचे दुकान, दूधकेंद्र, पुस्तकांचे दुकान, खानावळ यांच्या उजेडाने रस्ता सुरक्षित होतोच. पण साडेबाराला ज्या दारातून पिऊन तर्र झालेले टोळके बाहेर पडते, त्या दाराच्या उजेडाने कोणत्या मुलीला धीर येतो, हे आक्षेप घेणाऱ्याने आपल्या घरच्या मुलीला विचारावे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरच्या राहत्या भागात सतरा वर्षांच्या मुलाने बेफाम हाकलेल्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. त्याआधी तो पबमध्ये बसून आला होता. सतराव्या वर्षाला तिथे प्रवेश कसा मिळाला, हा प्रश्न त्यानंतर सगळ्यांनी विचारला. आधी विचारला असता तर?

आपला आरसा

आता आपल्याविषयी. बारवाल्याला जाब विचारायला गेले की तो हमखास म्हणतो, ‘तुमच्या गणपतीत डीजे वाजतो तो चालतो?’ हा टोमणा झोंबतो, कारण त्यात तथ्य आहे. वैशाखातली आपली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्र जागवून पहाटेपर्यंत चालते आणि ती बेळगावची शान आहे, याबद्दल दुमत नाही. सणासाठी वर्षातले पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंतची सवलत राज्य सरकार देऊ शकते, अशी सोय त्या २००० च्या नियमांतच आहे. वर्षातल्या दोन-चार रात्री गाव एकत्र जागते आणि बाकीच्या रात्री निजते, यात सणाचा अर्थ आहे. पण कर्ण्यांच्या भिंती उभ्या करून, छातीत धडधड होईल असा आवाज लावून जी मिरवणूक काढली जाते, तिला आपण परंपरा म्हणणार असू, तर बारवाल्यासमोर बोलायला आपल्याला तोंड नाही. लेझीम, ढोल, झांजपथक यांना कोणी रोगी माणूस हात जोडून ‘थांबा’ म्हणाला तर थांबता येते. त्या यंत्राला ते ऐकूच जात नाही.

दुसरी गोष्ट सीमाभागाची. आपल्याकडे पाटीवरचे एक अक्षर खालीवर झाले तर शंभर माणसे रस्त्यावर येतात, आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. भाषेचे दुखणे आपण पिढ्यान् पिढ्या सोसले आहे. पण वस्तीच्या झोपेचा प्रश्न निघाला की काय होते? मराठी शेजारी वेगळा अर्ज करतो, कानडी शेजारी वेगळा. एकमेकांच्या अर्जावर सही करायला दोघांनाही संकोच. ‘ते त्यांच्या आमदाराकडे जातील, आपण आपल्या पुढाऱ्याकडे जाऊ.’ बारच्या गल्ल्यात मात्र मराठी नोट आणि कानडी नोट असा भेद नसतो. भागीदारीतही नसतो. रात्री दीडला रडत उठणारे मूल कोणत्या भाषेत रडते? भाषेचा लढा आपल्या जागी लढावाच. पण त्याच्या आडोशाने आपल्या दोघांची झोप तिसरा विकत असेल, तर ते ओळखण्याइतके शहाणपण दोन्ही घरांत आहे.

भाडेकराराचा कागद

आणि आता सर्वांत अवघड गोष्ट. ती म्हणजे हे सगळे वस्तीत आले कोणाच्या दारातून?

सरकारने वेळ दिली, परवाना अबकारी खात्याने दिला. पण जागा कोणी दिली? जागा आपण दिली. टिळकवाडीतले बंगले कोणाचे होते आणि आहेत हे पाहा. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला. घरात दोन म्हातारी माणसे, पाच खोल्या आणि पेन्शन. तळमजला भाड्याने द्यायचा असे ठरते. दवाखान्याकडून आणि शिकवणीवाल्यांकडून एक आकडा येतो, हॉटेलवाल्याकडून त्याच्या दुप्पट-तिप्पट. मुलगा दूरध्वनीवरून सांगतो, ‘बाबा, देऊन टाका, तुम्हीही इकडे या.’ बाबा देऊन टाकतात. आवारातला आंबा वाहनतळासाठी तुटतो. बाबा मुलाकडे निघून जातात आणि आवाज शेजारच्या काकूंच्या वाट्याला येतो, ज्यांना जायला दुसरे घर नाही. पुढे त्याच बाबांची सही, ‘वस्तीची शांतता वाचवा’ या निवेदनावर, पहिल्या पाचांत असते.

म्हातारपणी पैसा लागतो, औषधे महाग आहेत, हे मला कळते. भाड्याने देऊच नका, असे मी म्हणत नाही. उपाहारगृहालाही द्या. पण भाडेकराराचा कागद आपल्या हातात असतो. त्यात पाण्याचे बिल कोणी भरायचे, रंग कोणी लावायचा, याची दहा कलमे आपण वकिलाकडून घालून घेतो. मग अकरावे कलम का नाही? रात्री साडेदहानंतर गिऱ्हाईक घेणार नाही, अकराला दार बंद, गच्चीवर ध्वनिवर्धक नाही, दारूचा परवाना घ्यायचा तर घरमालकाची लेखी संमती, वाहने आवारातच, बाटल्या आणि कचरा सकाळी सातनंतर. मोडल्यास करार संपला. यासाठी मंत्रालय लागत नाही, आंदोलन लागत नाही, न्यायालयाची तारीख लागत नाही. सरकारने एक वाजेपर्यंतची मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. साडेदहाचे घड्याळ मान्य असणारे भाडेकरू थोडे कमी भाडे देतील. तेवढे कमी भाडे म्हणजे शेजारधर्माची किंमत, आणि ती फार नाही.

याच्या जोडीला महापालिकेकडे आणि अबकारी खात्याकडे तीन मागण्या सर्वांनी मिळून कराव्यात. एक, रात्री उशिराची सवलत पेठेच्या आणि ठरवून दिलेल्या रस्त्यांपुरतीच ठेवावी. राहत्या आडव्या रस्त्यांना ती लागू नसावी. दोन, कोणताही परवाना देण्याआधी त्या जागेच्या दारावर महिनाभर सूचना लावावी आणि आजूबाजूच्या घरांचे म्हणणे ऐकावे. ती सूचना मराठीतही असावी. १५ टक्के भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे देशाने १९६१ सालीच मान्य केलेले तत्त्व आहे. तीन, तक्रार आल्यास त्याच रात्री मोजयंत्राने आवाज मोजावा आणि आकडा तक्रारदाराला लेखी द्यावा. या मागणीपत्रावर मराठी आणि कानडी सह्या एकाच कागदावर, एकाखाली एक असाव्यात.

पण तीन मागण्यांना वर्षे लागतील. अकरावे कलम या दिवाळीनंतरच्या पहिल्या करारातच घालता येईल. नूतनीकरणाची तारीख ज्यांच्या कपाटात पडून आहे, त्यांनी फराळ आटोपला की तो कागद काढावा, वकिलाकडे जाण्याआधी शेजारच्या काकूंकडे जावे आणि त्यांना एवढेच विचारावे, ‘तुमच्याकडे दिवे किती वाजता मालवतात?’ त्या जी वेळ सांगतील, ती कलमात लिहावी.